आधी बँड, मग कॅमेरा

सांता क्लाराच्या रेल्वे स्टेशनवर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पाठीमागचं लाकडी स्टेशनघर 1863 सालचं आहे, ते जागच्या जागी राहील. बाकी सगळं मागे जाणार आहे. रुळांवरच्या विजेच्या तारा सगळ्यात आधी जातात, कारण इथली गाडी विजेवर धावू लागली तीच 2024 मध्ये. मग पलीकडचं सॉकरचं स्टेडियम जातं. खिशातला फोन जातो आणि तिथे सुटी नाणी खुळखुळायला लागतात. साल 1993.

या काळात तुम्ही कोण, तेही ठरवून टाकू. पुण्याहून एम.एस.ला आलेले, शिक्षण संपवून इथेच नोकरीला लागलेले. मार्चमध्ये याच गावातल्या इंटेलने पेंटियम बाजारात आणला आहे आणि ऑफिसात, जेवणाच्या टेबलावर, खोलीवर सगळीकडे त्याचीच चर्चा आहे. आज शनिवार. खोलीवरच्या मित्रांनी रात्री व्हीसीआरवर हिंदी सिनेमा लावायचं ठरवलंय. तुम्ही मात्र सॅन फ्रान्सिस्कोची गाडी पकडता.

डिझेलचा धूर सोडत दुमजली डब्यांची गाडी येते. कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो. लॉरेन्स, सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो. खिडकीबाहेर बुटक्या इमारती आणि त्यांच्यापुढे पसरलेले पार्किंगचे चौक. पन्नास वर्षांपूर्वी इथे जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या. तासाभराने डोंगराखालचे बोगदे लागतात आणि गाडी फोर्थ स्ट्रीटच्या टोकाला येऊन थांबते. इथून मिशन नावाची वस्ती पायी जाण्याइतकी जवळ आहे. चला.

मिशनमध्ये शिरलात की पहिल्यांदा कानावर येतं ते स्पॅनिश. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं, त्यांच्या बेकऱ्या, भाजलेल्या मक्याच्या पोळ्यांचा वास. क्लॅरियन नावाच्या गल्लीत भिंतींवर रंग ओला आहे; तिथल्या कलावंतांनी अख्खी गल्ली रंगवायचं काम आदल्याच वर्षी सुरू केलंय. या वस्तीत खोल्या जुन्या आहेत, थंडीत गारठणाऱ्या आहेत, पण चार-पाच जणांनी मिळून घेतल्या तर भाडं परवडतं. हे भाडं ध्यानात ठेवा. आपल्या गोष्टीत त्याला माणसांइतकंच महत्त्व आहे.

व्हॅलेन्शिया रस्त्यावर एक जिना चढून वर जा. एपिसेंटर झोन. 1990 मध्ये सुरू झालेलं पंक संगीताचं दुकान; चालवणारे सगळे स्वयंसेवक, पगार कुणालाच नाही. तबकड्या, कॅसेट्स, आणि एका भिंतीला टेकून झेरॉक्स केलेल्या मासिकांची रास. एखादं उचलून बघा. टाइपरायटरवर टंकलेला मजकूर, कात्रीने कापून चिकटवलेली चित्रं, दोन स्टेपल. किंमत एक डॉलर, किंवा तुमच्या मासिकाची एक प्रत.

तुम्ही मराठी आहात, त्यामुळे हे पाहून तुम्हाला फार नवल वाटत नाही. 1954 मध्ये मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ असाच चक्रमुद्रित करून काढला होता. साठच्या दशकातली ती सगळी अनियतकालिकं, अशोक शहाण्यांचं ‘असो’, राजा ढाल्यांचा तो धारदार मजकूर, हे सारं प्रस्थापित मासिकांच्या संपादकांना न विचारताच छापलं गेलं. मुंबई आणि मिशन यांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण आपलं लिहिणं आपणच छापायचं हे दोघांनाही एकाच गरजेतून सुचलं.

पंक म्हणजे केसांचे तुरे आणि शर्टाला लावलेल्या सेफ्टी पिना, एवढंच तुम्ही ऐकून आहात. ते इंग्लंडातलं. सेक्स पिस्टल्स या बँडचा शेवटचा कार्यक्रम याच शहरात, विंटरलँड सभागृहात, 14 जानेवारी 1978 ला झाला आणि तिथेच तो बँड मोडला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या खाडीकाठच्या पोरांनी पंकची एक कामाची रीत बनवली. बर्कलीत गिलमन रस्त्यावर स्वतःचं सभागृह, ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ नावाचं स्वतःचं मासिक, स्वतःच्या ध्वनिमुद्रण कंपन्या. ज्याला वाजवता येत नाही त्यानेही वाजवायचं. ज्याला कुणी मंच देत नाही त्याने तो बांधायचा.

आता गाठायचं आहे ते ठिकाण: चौदावा रस्ता, ग्वेरेरोच्या जवळ, ‘रेड डोराज बिअर्डेड लेडी’. कॉफी मिळते, भिंतीवर चित्रं लावलेली असतात आणि रात्री खुर्च्या सरकवून कार्यक्रम होतात. चालवणारे दोघे, सायलस हॉवर्ड आणि हॅरी डॉज. आत बसलेल्यांपैकी पुष्कळांना घरच्यांनी बाहेर काढलंय. स्त्री की पुरुष, या प्रश्नाचं उत्तर इथे कुणी कुणाला विचारत नाही. तुम्ही दारात घुटमळता, कारण शर्टाच्या खिशाला अजून ऑफिसचा बिल्ला लटकतोय. कुणी हाकलत नाही. कॉफी घ्या आणि कोपऱ्यात बसा.

कुणीतरी उठतं, वहीतून वाचतं. मग दुसरं कुणी. काही फार कच्चं आहे, काही ऐकताना अंगावर काटा येतो. वाचणाऱ्यांना दाद मिळते, कच्च्यालाही मिळते. मला विचाराल तर या शहराचं नव्वदचं दशक समजून घ्यायला कुठल्याही विद्यापीठापेक्षा असली खोली जास्त उपयोगाची आहे.

रात्री सायलस गिटार उचलतो. 1990 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या ‘ट्राइब 8’ या बँडमध्ये तो वाजवतो; तिथे त्याला फ्लिपर म्हणतात. दुसरी गिटार लेस्ली माहकडे. गाणारा लिन ब्रीडलव्ह, कमरेच्या वर काहीही न घालता मंचावर येणारा, गर्दीच्या अगदी तोंडाशी जाऊन ओरडणारा. दिवसा सायकलवरून टपाल पोचवणं हा त्याचा धंदा. फक्त बायका कामाला असलेली कुरिअर कंपनी त्याने स्वतः काढली आहे. गाण्यांत घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, गरिबी, रस्त्यावर ऐकाव्या लागणाऱ्या शिव्या. आवाज इतका मोठा की शब्द कळत नाहीत, छातीत नुसता धक्का बसतो. तुमच्या शेजारची मुलगी रडते आहे आणि नाचतेही आहे.

आता एक वर्ष पुढे या. 1994 चा उन्हाळा, तुम्ही ‘ट्राइब 8’च्या व्हॅनमध्ये सामानावर बसला आहात.

बँडचा दौरा कसा ठरतो, ते पाहून घ्या, कारण पुढचं सगळं यातून निघतं. ‘मॅक्सिमम रॉकनरोल’वाले 1992 पासून एक निर्देशिका काढतात. त्यात गावोगावच्या लोकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात: कुणाच्या तळघरात कार्यक्रम होऊ शकतो, कुणाच्या घरी जमिनीवर झोपता येईल, कुठलं दुकान तबकड्या ठेवून घेईल. मग फोनवर फोन. भित्तिपत्रक आपणच करायचं, झेरॉक्स काढून पुढच्या गावी पाठवायचं. गाडी बिघडली तर दुरुस्त करायची. दारावर जमलेले पैसे रात्री मोजून पेट्रोल, जेवण आणि वाटणी असे भाग पाडायचे. तमाशाचा फड ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे सांगावं लागत नाही: ढोलकीवालाही कनात ओढतो आणि सरदार तिकीटविक्रीला बसतो.

याच वर्षी ऑगस्टमध्ये मिशिगनच्या जंगलात भरणाऱ्या स्त्रियांच्या संगीत महोत्सवात ‘ट्राइब 8’ वाजवतो. मंचापुढे निषेधाचे फलक घेऊन काही बायका उभ्या आहेत. हा बँड हिंसेला उत्तेजन देतो, असं त्यांचं म्हणणं. ज्यांनी अत्याचार सोसले त्यांनी आपला राग कसा गायचा, यावर अत्याचार सोसलेल्याच बायका समोरासमोर वाद घालताहेत. बँड पळून जात नाही, वाजवतो. रागावलेल्या माणसांसमोर उभं राहून आपलं म्हणणं शेवटपर्यंत पोचवायचं, ही तालीम कुठल्याही चित्रपट-संस्थेत मिळत नाही.

पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, त्यांचा ‘फिस्ट सिटी’ हा अल्बम ‘अल्टर्नेटिव्ह टेंटकल्स’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीने काढला. पुढे आणखी दोन आले. त्यांच्या याद्या इथे देत नाही. व्हॅनमधून उतरा, सांता क्लाराला परत जायचं आहे.

साल 1999. तुमच्या इमारतीत आता जिन्यावर मराठी ऐकू येतं. आदल्या वर्षीच्या कायद्याने एच-1बी व्हिसांची मर्यादा वर्षाला 65,000 वरून 1,15,000 वर नेली आहे. वाय-टू-केच्या कामासाठी आणि त्याहून मोठ्या आशेपायी पुण्या-मुंबईची पोरं विमान भरभरून येताहेत. याहूचं कार्यालय सांता क्लारातच आहे. अॅग्न्यूज हे इथलं जुनं मनोरुग्णालय. 1906 च्या भूकंपात तिथे शंभराहून अधिक माणसं दगावली होती. त्या जागेवर आता सन मायक्रोसिस्टिम्सच्या इमारती उभ्या आहेत. शेअरचे भाव रोज वर जातात आणि दुपारच्या जेवणाला कागदावरच्या लखपतींची चर्चा असते.

हा पैसा फक्त सिलिकॉन व्हॅलीच्या या दरीत थांबत नाही. तरुण अभियंत्यांना राहायला शहर हवंय आणि ते मिशनमध्ये खोल्या शोधताहेत. ज्या भाड्यावर ती वस्ती उभी होती ते भाडं पार बदलून जातं. जुन्या भाडेकरूंना नोटिसा येतात. एपिसेंटर झोन याच वर्षी बंद होतं. पुढच्या वर्षी तर शहरातली तालमीच्या खोल्यांची एक मोठी इमारत विकली जाते आणि शेकडो बँड एकदम रस्त्यावर येतात. आपण, म्हणजे या दरीत पगार घेणारे आपण सगळे, त्या नोटिसांच्या दुसऱ्या टोकाला होतो, हे बोलून टाकलेलं बरं. कुणी वाईट हेतूने घर घेतलं नाही. पण घरं गेली ती गेलीच.

आणि याच दरीने त्याच काळात त्या माणसांच्या हातात एक वस्तूही दिली. ती समजून घ्यायला फिल्मचा हिशेब बघा. 16 मिलिमीटरचं 400 फुटांचं रीळ कॅमेऱ्यात घातलं की सुमारे अकरा मिनिटांचं चित्रण होतं. रीळ विकत घ्या, धुवायला द्या, प्रत काढा, आणि प्रत्येक पायरीवर पैसे मोजा. नट एक वाक्य चुकला की डॉलर जळाले. 1995 मध्ये सोनीने व्हीएक्स1000 हा हातात मावणारा डिजिटल कॅमेरा आणला. काडेपेटीहून थोड्या मोठ्या मिनी-डीव्ही कॅसेटवर तासभर चित्रण, आणि तेच फायरवायर नावाच्या एका तारेतून थेट कॉम्प्युटरवर. 1999 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या कुपर्टिनोतल्या अॅपलने फायनल कट प्रो हे संकलनाचं सॉफ्टवेअर 999 डॉलरला बाजारात ठेवलं. ज्या कामाला आधी स्टुडिओ लागे ते आता खोलीतल्या टेबलावर होऊ लागलं.

रागाचा आणि देण्याचा असा दुहेरी हिशेब या दरीबद्दल फार कमी लोक मांडतात. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

आता परत मिशनमध्ये या, मिनी-डीव्हीवर एका चित्रपटाचं चित्रण चालू आहे तिथे. सायलस हॉवर्ड आणि हॅरी डॉज यांनी तो लिहिलाय, दिग्दर्शनही दोघांचं आणि प्रमुख भूमिकांतही तेच. चित्रपटाचं शिक्षण घेतलेलं नाही. तुम्हाला हे ओळखीचं वाटलं पाहिजे. माणसं जमवणं, मागून आणणं, फुकटात जागा मिळवणं, आज जमलं नाही तर उद्या करणं, सगळ्यांना जेवू घालणं: हे ते दहा वर्षं बँडसाठी आणि कॉफीघरासाठी करत आलेत. नवीन आहे तो फक्त कॅमेरा. तो धरलाय अॅन रोसेट्टीने. ज्या रस्त्यावर चित्रण चाललंय त्या रस्त्यावर तुम्ही उभे राहा आणि समोरून येणारी माणसं बघा. आठ-दहा वर्षांनी यातली बरीचशी इथे राहणार नाहीत. कॅमेऱ्यात आलेलं हे गाव तेवढं शिल्लक राहील.

‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ 2001 मध्ये पूर्ण झाला. बाप गेल्यावर शाय नावाचा तरुण लहान गाव सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येतो आणि त्याची व्हॅलेंटाइनशी गाठ पडते. व्हॅलेंटाइन दत्तक गेलेला, मनाने विस्कटलेला, जन्मदात्या आईच्या शोधात असलेला. खिशात पैसे नाहीत, छोट्यामोठ्या चोऱ्या चालू आहेत, आणि त्यातून एक मैत्री उभी राहते. पुढे व्हॅलेंटाइनला मनोरुग्णालयात नेतात तेव्हा अॅग्न्यूजच्या जागेवर रोज कामाला जाणाऱ्या माणसाने जरा थांबून बघावं, असं मला फार वाटतं. एका छोट्या प्रसंगात रॉक गायिका जोन जेटही दिसते.

या चित्रपटाची खरी ताकद त्यात काय सांगितलं नाही, यात आहे. शाय आणि व्हॅलेंटाइन पुरुष म्हणून वावरतात, त्यांची शरीरं वेगळी आहेत, आणि यावर एकही पात्र प्रेक्षकाला समजावून सांगत बसत नाही. दुसरा कुठलाही दिग्दर्शक असता तर पहिल्या पंधरा मिनिटांत एक डॉक्टर किंवा एक रडणारी आई आणून खुलासा केला असता. ‘ट्राइब 8’ने मंचावर कधी प्रस्तावना केली नव्हती. आले, वाजवलं; ज्याला कळायचं त्याला कळलं. तीच सवय इथे पटकथेत उतरली आहे, आणि त्यामुळे ही माणसं अडचणींची उदाहरणं न राहता भुकेली, विनोदी, एकमेकांवर जीव टाकणारी माणसं होतात. मध्यावर चित्रपट थोडा रेंगाळतो, काही प्रसंगांत प्रकाश फारच कमी आहे. तरीही त्या काळातल्या कित्येक नीटनेटक्या अमेरिकन चित्रपटांपेक्षा मला तो श्रेष्ठ वाटतो.

2002 च्या जानेवारीत तुम्ही युटाच्या बर्फात, सनडान्स महोत्सवात रांगेत उभे आहात. चौदाव्या रस्त्यावरच्या कॉफीघरातून निघालेला चित्रपट पडद्यावर आहे. त्याच वर्षी लिन ब्रीडलव्हची ‘गॉडस्पीड’ ही कादंबरी न्यूयॉर्कच्या सेंट मार्टिन्स प्रेसने काढली. नायक सायकलवरून टपाल पोचवणारा, नशेत बुडालेला, प्रेमात पडलेला. ती वाचताना चाकांचा वेग वाक्यांत जाणवतो, कारण लिहिणारा ते रस्ते रोज तुडवत होता आणि रोज रात्री शब्द ओरडून पाहत होता. 2007 मध्ये त्याने त्यावर लघुपटही केला. एका बँडमधले दोघे, एक लेखणीकडे वळला आणि एक कॅमेऱ्याकडे, आणि दोघांनीही दुसऱ्याच्या वाटेवर पाय टाकून पाहिला.

यापुढची वर्षं भराभर उलटा. सायलस चित्रपट केल्यानंतर लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये दिग्दर्शनाचं शिक्षण घेतो. क्रम हाच आहे, आधी चित्रपट, मग शाळा. व्यंगचित्रकार क्रिस कोविकच्या अखेरच्या दिवसांवर तो माहितीपट करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावरची गायिका बँबी लेक हिच्यावर 2014 मध्ये लघुपट करतो. मोठ्या पडद्याच्या वाटेवर असताना त्याने आपल्या जुन्या वस्तीतली माणसं अशी टिपून ठेवली, याबद्दल मला त्याचा विशेष आदर वाटतो. 2015 मध्ये ‘ट्रान्सपेरंट’ ही मालिका दिग्दर्शित करणारा तो पहिला पारलिंगी दिग्दर्शक ठरला. पुढे ‘पोज’, ‘धिस इज अस’. आणि 2018 च्या सनडान्समध्ये ‘अ किड लाइक जेक’. चार वर्षांच्या, राजकन्यांच्या गोष्टींत रमणाऱ्या मुलाचे आईबाप झालेत क्लेअर डेन्स आणि जिम पार्सन्स, आणि त्यांच्या मैत्रिणीच्या भूमिकेत आपली प्रियांका चोप्रा आहे. व्हॅनमधून निघालेला गिटारवादक आणि बरेलीहून निघालेली नटी एका चित्रपटात भेटतात.

आता वर्तमानात उतरा. सांता क्लारा स्टेशन, डोक्यावर तारा, खिशात फोन.

तुमच्या आसपासही ही रीत जिवंत आहे. बर्कली आणि स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये सुरू केलेली ‘नाटक’ ही मंडळी याच दरीत भाड्याच्या सभागृहांत, दिवसा नोकऱ्या करून, भारतीय भाषांतली नाटकं उभी करत आली. ‘शब्द’ चक्रमुद्रित करणाऱ्या दिलीप चित्र्यांनी 1983 मध्ये ‘गोदाम’ हा चित्रपट केला, तोही कवितेच्या वाटेनेच. आपल्या घरांत मात्र अजून असं धरलं जातं की आधी पदवी, मग परवानगी, मग कला. त्यामुळे आपल्या किती गोष्टी पडद्यावर यायच्या राहिल्या, याची मला खंत आहे. या दरीतल्या मराठी माणसांचं आयुष्य, व्हिसाची वाट पाहणाऱ्या बायका, दोन भाषांत अडकलेली पोरं, नोकरी गेल्यावर साठ दिवसांची मुदत मोजणारी घरं, यावर कुणी बाहेरचा येऊन चित्रपट करणार नाही.

‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ दीड तासाहून थोडा मोठा आहे. शोधून पाहा, आणि पहिली वीस मिनिटं धीर धरा. ‘गॉडस्पीड’ वाचा. आणि तुमच्या घरातलं कुणी गॅरेजमध्ये बेसूर ड्रम बडवत असेल, किंवा फोनवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन काहीबाही चित्रित करत असेल, तर अभ्यासाचं विचारण्याआधी कार्यक्रम कधी आहे ते विचारा, आणि जा.